ज्याचा झेंडा त्याचा कायदा

परभणीच्या कोर्टात मी बांधाचे नि वाटणीचे दावे चालवतो. येलदरीच्या धरणापेक्षा मोठं पाणी मी कधी पाहिलेलं नाही. पण झरीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी होता, आणि परदेशातल्या एका बंदरात जहाजाच्या तळाशी पडून तो गेला. प्रेत तिथल्या शवागारात होतं. आक्काला एकच हवं होतं, लेकराचं तोंड बघायचं होतं.

वकिलातीला लिहितो म्हणालो, तर तिचा चेहरा खुलला. "तिथं समदे तुझ्यावानी वकीलच असतील की रे. आपल्या माणसाचं ऐकतील." वकिलात म्हणजे वकिलांचं घर नव्हे, हे तिला सांगून पाहिलं. पटलं नाही.

खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मी वाचून काढला. खलाशी मेला तर जबाबदारी जहाजमालकाची, असा त्याचा सरळ अर्थ. मला वाटलं, जिंकलो. मग मालकाच्या वकिलाचं उत्तर आलं. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाने करारावर सही केली आहे, मात्र त्याप्रमाणे स्वतःचा कायदा केलेला नाही, सबब मालक बांधील नाही. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, बंदर तिसऱ्याचं. चोर तो चोर, वर शिरजोर!

"म्हंजे काय झालं?" आक्कानं विचारलं.

"सुपारी फुटली, पण लग्न लागलं न्हाई."

आमच्याकडे सुपारी फुटली की पोरगी दिल्यात जमा. मागं सरणाऱ्याला चार गावांत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"मंग मोडणाऱ्याला कुणीच इचारत न्हाई का?"

"न्हाई इचारत, आक्का."

देशांना भावकी नसते, हे तिला कसं सांगू? इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर माणूसच नव्हता.

वकिलातीतले लोक खरंच झटले. आमच्या खर्चानं आणतो म्हटलं, तर प्रेताचा ताबा मिळायला मालकाची सही हवी होती. सही केली तर जबाबदारी कबूल केल्यासारखं होईल, म्हणून तो सही करीना. "आणायलेत का रे?" आक्का रोज फोनवर विचारायची, आणि मी होय म्हणायचो. शेवटी तिथल्या नगरपालिकेनं पोराला परस्पर पुरून टाकलं.

दहनाशिवाय सुतक कसं फिटणार, म्हणून भावकीनं पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवला. तिरडी उचलायला चौघे वाकलो, मामा म्हणून मीही त्यात होतो. सवयीनं जोर लावला आणि तिरडी हिसका बसल्यागत वर आली.

दारातून आक्का ओरडली, "माझं लेकरू इतकं हलकं न्हवतं रे!"