कर्णिकबाई आणि वांद्र्याची सुमती

आम्ही जुन्या नर्सेस जमलो की चहा निवतो, पण कर्णिकबाईंचे किस्से संपत नाहीत. पन्नासच्या दशकात, घाटकोपरच्या आमच्या हॉस्पिटलात त्या शिकाऊ नर्सेसच्या ट्यूटर होत्या. त्यांचा नियम एकच: "पेशंटला उपदेश करायचा नाही, गोष्ट सांगायची." आम्ही थक्क! नर्स व्हायला आलो होतो की कीर्तनकार?

*

पहिल्याच तासाला बाई स्वतः खाटेवर आडव्या झाल्या. "मी पेशंट. इंजेक्शन घेणार नाही. सुलभा, समजाव."

मालवणच्या सुलभाने इंजेक्शन न घेता गेलेल्या आपल्या काकांची गोष्ट सांगितली, अगदी तिरडीसकट. बाईंनी उठून चपला घातल्या.

"बाई, खंय चाललात?"

"घरी. पेशंट पळाला तुझा."

*

सुलभा शिकली मात्र. गोरेगावचे एक आजोबा पेजेला तोंड लावेनात. तिने राक्षसाची गोष्ट सुरू केली आणि तो दारात आल्यावर थांबली. "उरलेली पेज संपल्यावर."

दुसऱ्या दिवशी गोष्टीशिवाय अख्खा वॉर्ड जेवेना. आमची वाट लागली, कारण मोठे डॉक्टर राउंडला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुलभाला विचारलं, "मग, आत शिरला का राक्षस?"

*

मी मुलुंडच्या एका हेडक्लार्कना गोष्ट सांगताना इतकी रंगले, की त्यांचं काय दुखतंय तेच विचारलं नाही. बाई मागेच उभ्या होत्या. "त्यांची गोष्ट कोण ऐकणार गं?" मी शरमेने स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, "काय दुखतंय?"

*

आणि माहुलच्या हिराबाई. पोटात मोठी गाठ. उद्या काढली नाही तर जगणं कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण त्या ऑपरेशनला तयार होईनात, घरी जायला निघाल्या.

मी धडधडीत गोष्ट रचली. वांद्र्याची सुमती, अशीच गाठ, ऑपरेशन झालं, आठ दिवसांत पाणी भरायला लागली.

हिराबाई म्हणाल्या, "तिला आण इथं. टाके बघीन, मगच कागदावर अंगठा देईन."

आता सुमती कुठून आणू? मी रडत बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या तडक वॉर्डात आल्या, पडदा ओढला आणि पोटावरची साडी बाजूला केली. बेंबीखाली लांबलचक जुना वण. मी बघतच राहिले.

"मीच ती सुमती," बाई म्हणाल्या.

हिराबाईंनी वणावरून बोट फिरवलं आणि अंगठा दिला.

बाहेर आल्यावर बाई साडी नीट करत म्हणाल्या, "आठ दिवसांत कोणी पाणी भरत नाही गं. मला तीन महिने लागले. पुढच्या वेळी नीट सांग."