कारळ्यांची टोपडी

आमच्या ह्यांचा माझ्यापेक्षा कारळ्यांवर जास्त जीव, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ओळखलं. हे शेतीखात्यात नोकरीला. पालीच्या रस्त्याला डोंगरउतारावर खात्याचा जमिनीचा तुकडा होता. तिथे कारळे पेरून जास्त तेलाचं बी निपजवायचं, हे ह्यांचं काम. मुलगी बघायला गेल्यासारखे एकेका झाडाभोवती फिरायचे. मला बघायला आले तेव्हा मान वर केली नव्हती, बरं का!

रीत अशी, की निवडलेल्या झाडाची फुलं उमलायच्या आधी मलमलीच्या पिशवीत बांधायची. म्हणजे मधमाशी परका पराग आणणार नाही आणि वाण शुद्ध राहील. देशावर जवसावर हीच विद्या शिकून आले होते. पिशव्या शिवायच्या कुणी? तर मी! शेजारीण हसायची, "काय गो, फुलांना टोपडी शिवतेस?" सासूबाई तोंडाच्या फटकळ. म्हणाल्या, "घरात पाळणा हलेना, नि शेतात टोपडी!"

पहिल्या वर्षी पिशव्या उघडल्या तर आत नुसता फोल. साहेबांनी बजावलं, पुढच्या वर्षीही बी धरलं नाही तर तुकडा बंद. ह्यांच्या ताटातला भात तसाच राहायला लागला. माझा जीव तुटायचा. समजूत तरी कशी घालणार? चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती, आणि ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. "अगं, ऐकलंस का," हेच माझं नाव.

दुसऱ्या वर्षी गडी भातकापणीला गेलेले, म्हणून पिशव्या बांधायलाही मीच. मलमल संपली, ह्यांचं जुनं धोतर फाडलं, तेही संपलं. शेवटी पिशवी एक आणि खुणेची झाडं दोन, अगदी खेटून उभी. मी दोघांचे शेंडे एकत्र धरले आणि एकाच पिशवीत घातले. झालं काम!

नंतर ह्यांनी ते पाहिलं आणि असे तडकले! "शुद्ध वाणाची वाट लावलीस!"

"मग काय नेसूचं फाडू?" मी म्हटलं. फुलं आत उमलून गेली होती, म्हणून ती पिशवी तशीच राहिली. आमचा मात्र अबोला.

पिशव्या सोडायच्या दिवशी माझं धाडस होईना. मी घरीच राहिले. अंगणात सासूबाई आणि शेजारणी भात पाखडत होत्या. तेवढ्यात पाखाडीच्या पायऱ्यांवरून हाक आली. माझं नाव! सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. हे धापा टाकत आले आणि माझ्या हातावर मूठ रिकामी केली. काळेभोर, टपोरे कारळे.

"तुझ्या त्या जोडीच्या पिशवीतले! बाकी सगळीकडे फोल! ह्याला स्वतःचा पराग चालतच नाही गं, सोबतीला दुसरं झाड लागतं. मी मेला एकेकट्याला कोंडत बसलो होतो!" एक दाणा नखावर चिरडला, नख तेलाने चकाकलं.

"अरे, चारचौघांत बायकोचं नाव घेतोस, लाज कशी वाटत नाही?" सासूबाई कडाडल्या.

"नाही वाटत," हे म्हणाले.

तुकडा राहिला. पुढे मी पिशव्या दोन झाडांच्या मापाच्या शिवू लागले. आणि ह्यांनी शेवटपर्यंत मला परत कधी "अगं, ऐकलंस का" म्हटलं नाही.