फुकटचं ईमेल आणि बूथवाली बाय

साल २००२. मी त्रेसष्ट वर्षांचा. डिचोलीच्या बाजारात एसटीडी बूथ चालवणारी एक बाय होती. तिने बूथात कंप्युटर आणला. कोणी येऊन "ईमेल उघडून दे" म्हटलं, की ती चष्मा वर केसांत खोचायची, बांगड्यांच्या हाताने त्या पेटीवर दोनदा टकटक करायची आणि विचारायची, "खंयचें?" म्हणजे कुठलं.

"खंयचेंय दी. सगळीं फुकट न्हय?"

"फुकट म्हूण कोणाकय घरांत घेतात?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक चिडायचं, पण थांबायचं. अशी माणसं तुम्हीही बघितली असतील.

मी मूळ पेडण्याचा, मराठी शाळेत दुसरी शिकलेला. जन्मभर खनिजाचा ट्रक चालवला. मला ईमेलशी काय करायचंय? पण माझा पोरगा मस्कतला गेला तो माझ्याशी भांडून. तुमची धूळ मला नको, म्हणाला. ज्या धुळीवर वाढला तिला नावं ठेवतो! चूक माझी नव्हती, आजही नाही. त्याचा फोन यायचा तो आईला. ईमेलचा पत्ता दिला तोही आईलाच. मी तो घेऊन बूथात गेलो. म्हटलं, घरवालीकडून पोराला पत्र पाठवायचंय.

मुलीला स्थळ बघावं तशी ती बाय एकेक फुकटचं ईमेल बघत होती. तिच्या मते तिघेच घेण्याजोगे. पहिल्याच्या पानावर नाचणाऱ्या जाहिराती. "हो चड उलयता," म्हणाली, म्हणजे फार बडबडतो, आणि त्याला बाजूला सारलं.

मग तिने गंमत केली. जगात नसलेल्या माणसाचा खोटाच पत्ता बनवला आणि उरलेल्या दोघांकडून त्याला पत्र पाठवलं. मी स्टूल पुढे ओढलं. नसलेल्या माणसाला पत्र! दुसऱ्याने पत्र गेलं म्हणून सांगितलं आणि गप्प बसला. तिसऱ्याने लगेच इंग्रजीत लांबलचक पान आणून टाकलं.

"काय म्हणतो तो?"

"म्हणटा, हो मनीस म्हाका मेळूंक ना."

"उद्धट दिसतो. दुसरा बरा. घरंदाज."

"मामा, दुसरो फटयता. परत हाडून दिता तोच खरो."

फसवतो तर फसवू दे, मला तो दुसराच हवा होता. पत्र परत आलं म्हणजे पोराने खोटा पत्ता दिला, आमच्याशी संबंधच तोडला. गप्प बसणाऱ्याकडे गेलं तर निदान कळणार तरी नाही. पण हे त्या बायला सांगणार कोण? तिने तिसऱ्याकडेच माझं खातं उघडलं.

पुढे लिहिण्यावरून वाद. मराठी अक्षरं घातली की पलीकडे नुसते चौकोन दिसतात, म्हणाली. राजभाषा मराठी की कोकणी या भांडणाच्या वेळी मी मराठीवाला, ती कोकणीवाली. आणि शेवटी पत्र गेलं रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. ती हसली. मी नाही.

"लिही. आई बरी आहे. आई विचारते, जेवण नीट मिळतं का."

"आनी तुमी कितें विचारतात?"

"मी कशाला विचारू? त्याने विचारावं."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पत्र सोडलं. परत यायचं तर लवकरच येतं, म्हणाली. मी बसून राहिलो. ती गिऱ्हाइकांना फोन लावून देई आणि मधेमधे मान वळवून पडदा बघे. शेवटी अर्धं शटर ओढून म्हणाली, "येवंक ना, मामा. पावलें."

पोचलं. पत्ता खरा होता. घरी जाताना मी पोदेराकडून ताजे उंडे पाव घेतले. घरवाली म्हणाली, "आज कसले?" म्हटलं, "असेच."

उत्तर मात्र येईना. मी बाजारात दिसलो की ती दारातूनच मान हलवायची, मला रस्ता ओलांडायला लागू नये म्हणून. एकदा मी टोमणा मारला, "तुझा तिसराही गप्पच की गो!"

"तो ना गप्प. गप्प तुमी दोगूय, बापूय-पूत."

मला राग आला. कितीतरी दिवस त्या बाजूला गेलो नाही.

तोवर ज्याच्या-त्याच्या हाती मोबाईल आले. परत गेलो तेव्हा बूथाला कुलूप. शेजारची फुलवाली म्हणाली, मशीन विकून ती भावाकडे पेडण्याकडच्या चोपड्याला गेली. जाताना माझी चौकशी केली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसस्टँडजवळच्या नव्या दुकानात गेलो. पासवर्ड माझ्या ट्रकाचा नंबर होता, तो विसरणं शक्य नव्हतं. दुकानदार म्हणाला, "सांगा काका, मी टाईप मारतो." म्हटलं, "नको." इंग्रजी अक्षरं मला रस्त्यावरचीच येतात. के आणि ए कर्नाटकच्या ट्रकांवरची, एस आणि ओ खाणीच्या गेटावरच्या 'स्टॉप'मधली. तेवढी पुरली. एका बोटाने शोधून शोधून मी पोराला लिहिलं, कसो आसा?