तिसरी पिचर

मारिसेलने लॉकर उघडला आणि आतून एक पिवळाधमक चेंडू घरंगळत मीनाक्षीच्या पायाशी येऊन थांबला.

अबुधाबीच्या इलेक्ट्रा स्ट्रीटवरचं ते दातांचं क्लिनिक. मीनाक्षी वानखडे तिथे रिसेप्शनवर बसायची आणि फिलिपिन्सची मारिसेल डॉक्टरांना मदत करायची. दोघी रोज एकत्र डबा खात. पण दर गुरुवारी दुपारी ही पोरगी एवढी मोठी बॅग खांद्याला लावून कुठे जाते, हे मीनाक्षीने कधी विचारलं नव्हतं. तिने वाकून चेंडू उचलला. मोठ्या संत्र्याएवढा, टणक. आणि हातात येताक्षणी तिची बोटं आपसूक त्याच्या शिवणीवर जाऊन बसली.

"हा सॉफ्टबॉल आहे. बेसबॉलसारखाच खेळ, फक्त चेंडू..." मारिसेल समजावू लागली.

"ठाऊक आहे," मीनाक्षी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी पिचर होते. महाराष्ट्राची."

खरं होतं ते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी ती पिचर. अमरावतीला शाळेच्या मैदानावर मुरलीधर सरांनी मुलींची टीम उभी केली होती. बाकीच्या शहरांत लोकांना या खेळाचं नावही माहीत नव्हतं, तेव्हा अमरावतीच्या गल्ल्यांतून पोरी हातमोजे घेऊन सायकलवर मैदानावर जायच्या. मीनाक्षीचा हात खांद्यापासून पवनचक्कीसारखा गरकन फिरायचा आणि चेंडू मांडीजवळून असा सुटायचा की समोरची बॅट फिरवते न फिरवते तोच मागच्या कॅचरच्या मोज्यात फट्‌ आवाज. दोनदा ती राज्याकडून खेळली. मग लग्न झालं, पर्णिका झाली, नवऱ्याला अबुधाबीत नोकरी लागली. चौदा वर्षं तिने चेंडूला हात लावला नव्हता.

"मग या गुरुवारी ये की!" मारिसेल म्हणाली. "सीझनच्या आधीची प्रॅक्टिस सुरू होतेय. आम्हाला पिचर हव्यातच."

१९९८चा सप्टेंबर होता. उन्हाळ्याची धग ओसरायला लागली की अबुधाबीत खेळांचा सीझन सुरू होई. तेलकंपन्यांतल्या अमेरिकनांनी बायकांची सॉफ्टबॉल लीग चालवली होती. मार्चपर्यंत दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सामने. मारिसेलच्या टीमला तीन पिचर लागायच्या. एकीचा हात दर आठवड्याला टिकत नाही, म्हणून तिघी आळीपाळीने सामना सुरू करत. त्या तीन जागांसाठी प्रॅक्टिसचे तीन आठवडे आणि शेवटी आपसात एक सामना, त्यावरून निवड.

मीनाक्षी मैदानावर पोचली तेव्हा कळलं, उमेदवार पाच आहेत. आणि पाचांतली एक मारिसेल स्वतः.

"तू बोलली नाहीस!"

"तू तरी कुठे म्हणालीस की इतकी सीरियस आहेस," मारिसेल हसली. पण तिचं हसू जरा आखूड होतं.

कोच मिसेस डॉयल ही साठीची, उन्हाने तांबूस झालेली बाई. गळ्यात शिट्टी, हातात वेग मोजायचं यंत्र. शेल्बी नावाच्या कॅनडाच्या उंच मुलीने पहिला चेंडू टाकला तेव्हा हवाच चिरल्यासारखी झाली. ग्लेंडा टेक्ससची, आडव्या बांध्याची, दहा वर्षांची अनुभवी. या दोघींच्या जागा जवळपास ठरलेल्याच. म्हणजे खरी चुरस तिसऱ्या जागेची.

मीनाक्षीचा नंबर आला. तिने श्वास घेतला, हात फिरवला, आणि चेंडू कॅचरच्या डोक्यावरून, मागच्या जाळीवरून, थेट पार्किंगमध्ये गेला.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. दुसरा चेंडू चार पावलांवर आपटला. तिसरा सरळ गेला, पण मिसेस डॉयलने यंत्राकडे पाहून नुसती मान हलवली. "स्पीड, मीना, स्पीड!"

घरी आली ती खांदा धरूनच. विजयकुमार, तिचा नवरा, मुसाफ्फा या औद्योगिक भागातल्या एका कंत्राटी कंपनीत एस्टिमेटर, म्हणजे खर्चाचे अंदाज काढणारा, होता. त्याने बामाची बाटली पुढे केली. "या वयात कशाला पाहिजे हे? पस्तीस वर्षांची झालीस. हात मोडला तर पोळ्या कोण करेल?"

"तू," मीनाक्षी म्हणाली, आणि दोघंही हसले. मग ती गंभीर झाली. "विजय, हात विसरलाय. पण सगळं नाही विसरला. तिसरा चेंडू सुटला ना, तेव्हा बोटांना काहीतरी आठवलं. मला कुणीतरी समोर चेंडू धरायला हवंय."

विजयकुमारने आयुष्यात कॅरमच्या पलीकडे काही खेळलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी तो खेळाच्या दुकानातून कॅचरचा मोजा घेऊन आला. "एकशेवीस दिरहम," तो दारातूनच ओरडला, "म्हणजे चौदाशे रुपये! आता जिंकून दाखव."

बिल्डिंगच्या मागे गाड्या लावायची रेताड जागा होती. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर नवरा-बायको तिथे उतरायचे. विजयकुमार भिंतीला पाठ लावून उकिडवा बसायचा, चष्मा दोरीने मानेला बांधलेला. पहिल्या दिवशी त्याने दर चेंडूला डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी एक चेंडू त्याला चुकवून एका पांढऱ्या कोरोलाच्या बॉनेटवर ठणकन आदळला.

नातूर, म्हणजे बिल्डिंगचा पहारेकरी इद्रीस, धावत आला. "मॅडम! खलास! ये गाडीवाला मेरी नौकरी खा जायेगा!"

मीनाक्षीने कान पकडले. गाडीवाल्याची माफी मागितली, पोचा काढून द्यायचं कबूल केलं. इद्रीसने मग दोघांना खुणेने पलीकडे नेलं. शेजारचा प्लॉट मोकळा होता, पाया अजून खणायचा होता. "यहाँ मारो. यहाँ गाडी नहीं, आदमी नहीं. यल्ला, चलो."

तिथे, रेतीत, मीनाक्षीचा हात परत आला. सगळा वेग नाही आला; शेल्बीच्या जवळपासही नाही. पण तिचा जुना 'ड्रॉप' आला. चेंडू छातीच्या उंचीने सरळ येतोय असं वाटायचं आणि बॅटवालीच्या प्लेटपाशी पोचता पोचता एकदम खाली बुडायचा, जणू खालून कुणी ओढून घेतला. पहिल्यांदा तो असा बुडाला तेव्हा विजयकुमार मोजा वर धरून बसलेला, आणि चेंडू त्याच्या नडगीवर. तो एका पायावर नाचत होता, मीनाक्षी टाळ्या वाजवत उड्या मारत होती, आणि वरच्या गॅलरीतून दहा वर्षांची पर्णिका ओरडत होती, "मम्मा, डू इट अगेन!"

आपसातला सामना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. आदल्या दिवशीचं श्रीखंड फ्रिजमध्येच राहिलं; मीनाक्षीने ते चाखलंही नव्हतं. पाचवी उमेदवार पाठ धरल्यामुळे आधीच गळाली होती. सकाळच्या भागात शेल्बी आणि ग्लेंडा खेळल्या. शेल्बीने वेगाने सगळ्यांना गार केलं, फक्त एकदा चेंडू कॅचरच्या मागे गेला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि एक धाव फुकट गेली. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग दुसरा भाग: निळ्या टीमकडून मीनाक्षी, पांढऱ्या टीमकडून मारिसेल. दोघींनी सकाळपासून एकमेकींकडे पाहिलं नव्हतं. मैदानावर घामाने पाणी पाणी, हातातून चेंडू निसटत होता. मारिसेलचे चेंडू चपळ, कोपऱ्यांवर अचूक. मीनाक्षीचा ड्रॉप एकामागून एक बॅटी हवेत फिरवायला लावत होता. शेवटचा डाव आला तेव्हा निळी टीम एका धावेने पुढे होती.

दोघी बाद झाल्या. एकच राहिली होती. आणि तिथेच मीनाक्षीच्या मनात आलं, जमलं! झालं, ते मनात आलं आणि हात कडक झाला. एकीने फटका मारून पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, गाठला. पुढच्या दोघींना तिने चार-चार वाईट चेंडू टाकले, म्हणजे दोघींना फुकटचा बेस. तिन्ही बेस भरले. आणि बॅट घेऊन कोण आलं, तर मारिसेल.

जाळीमागे विजयकुमार उभाच राहिला. त्याला आता नियम पाठ होते: मारिसेलने एक बरा फटका मारला की सामना गेला, आणि बहुतेक जागाही.

पहिला चेंडू चांगला. दुसरा वाईट. तिसऱ्यावर मारिसेलने असा टोला हाणला की सगळं मैदान श्वास रोखून पाहत राहिलं. चेंडू रेषेच्या हातभर बाहेर पडला, म्हणून तो फक्त चांगल्यात मोजला गेला. मग आणखी दोन वाईट. आता तीन वाईट, दोन चांगले. पुढचा चेंडू शेवटचा. वाईट पडला तर बरोबरी. चांगला पडून हुकला तर मीनाक्षी जिंकली.

कॅचर म्हणून रीमा नावाची लेबनॉनची मुलगी होती. तिने बोटांनी खूण केली: वेगवान, सरळ. मीनाक्षीने नकारार्थी मान हलवली. रीमाने पुन्हा तीच खूण केली. कठड्याशी मिसेस डॉयल यंत्र घेऊन उभी होती. तीन आठवडे ती 'स्पीड, स्पीड' म्हणत आली होती. मीनाक्षीने पुन्हा मान हलवली.

हात फिरला. चेंडू सुटला. मारिसेलला तो छातीवर येताना दिसला आणि तिने पूर्ण ताकदीने बॅट घुमवली. चेंडू बुडाला. बॅट वरून गेली!

विजयकुमारने आरोळी ठोकली, पण अर्धीच. चेंडू इतका बुडाला होता की तो जमिनीवर आपटून रीमाच्या पायाला लागला आणि जाळीकडे उडाला. आणि या खेळात नियम असा, की तिसऱ्यांदा हुकलेला चेंडू कॅचरने झेलला नाही तर बॅटवाली पळू शकते. मारिसेल पळाली. तिन्ही बेसवरच्या पळाल्या. तिसऱ्या बेसवरची थेट होमकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या प्लेटकडे, निघाली, आणि होमवर कुणीच नव्हतं, कारण रीमा चेंडूमागे धावत होती.

"मम्मा, रन!" पर्णिका किंचाळली.

मीनाक्षी आधीच धावत होती. तिने ठरवलं नव्हतं. पाय निघाले होते. रीमाने जाळीजवळून वळून चेंडू फेकला, कमी पडला, डावीकडे गेला. मीनाक्षीने एक पाय प्लेटच्या कडेवर रोवला आणि अंग इतकं ताणलं की ती पालथीच पडली. रेती तोंडात गेली. मोज्यात काहीतरी धप्पकन बसलं. त्याच क्षणी धावून आलेली मुलगी तिच्या पायावरून उडी मारून पलीकडे कोसळली.

पाय प्लेटवर, चेंडू मोज्यात, एवढंच पुरे होतं; अंपायरची मूठ वर गेली. आऊट!

पुढचा गलका मीनाक्षीला नीट ऐकूही आला नाही. कुणी तिला उचलत होतं, कुणी पाठीवर थापा मारत होतं. विजयकुमार जाळी ओलांडायच्या नादात शर्ट अडकवून बसला होता.

निवड मिसेस डॉयलने तिथेच सांगितली. शेल्बी, ग्लेंडा, मीना. मग ती मीनाक्षीकडे वळली. "वेगात तू चौघींत शेवटची आहेस. ते बदलणार नाही. पण चेंडू सुटल्यावर होमकडे पळताना आज मी एकट्या तुलाच पाहिलं." आणि तिने शेल्बीकडे तिरका कटाक्ष टाकला.

मारिसेल मोजा बॅगेत कोंबत होती. मीनाक्षी तिच्याजवळ गेली.

"आता बोलू नकोस," मारिसेल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "रविवारी बोल."

शनिवार क्लिनिकमध्ये फार अवघड गेला. मारिसेलने डबा आतच खाल्ला. रविवारी ती बाहेर आली, शेजारी बसली, मीनाक्षीच्या डब्यातली झुणक्याची वाटी स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, "डॉयलने मला पहिल्या बेसवर घेतलंय. आता दाखव. तो चेंडू नक्की धरतेस कसा?" मीनाक्षीने उकडलेलं अंडं हातात घेऊन बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. पेशंट काउंटरपाशी ताटकळत होता.

लीगमधला मीनाक्षीचा पहिला सामना तिसऱ्या शुक्रवारी झाला. महाराष्ट्र मंडळातल्या बायका चटया आणि चिवडा घेऊन आल्या. त्यातल्या शुभ्रा साठे शेवटपर्यंत विचारत राहिल्या, "विकेट पडली का?" विजयकुमार प्रत्येक वेळी नव्याने समजावत होता. सामना अटीतटीचा झाला आणि टीम हरली. पण मीनाक्षीने सातही डाव चेंडू टाकले, आणि पहिल्या बेसवर मारिसेलने दोन अशक्य चेंडू अडवले.

रात्री तिने अमरावतीला फोन लावला. घसा बसला होता, कोपरं खरचटली होती, आणि ती न थांबता बोलत सुटली होती: ड्रॉप कसा पडला, ग्लेंडाने मिठी कशी मारली, पर्णिकाने टीमची टोपी झोपतानाही कशी काढली नाही.

"जिंकल्या का वं मंग?" आईने विचारलं.

"नाही, हरलो."

"मंग एवढी काहून हासून राह्यली?"

मीनाक्षीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, कारण उजवा हात आता वर उचलवत नव्हता. "आई, तीन आठवड्यांनी माझा नंबर पुन्हा आहे," ती म्हणाली, आणि परत हसत सुटली.