पेटीत उरलेलं बियाणं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही, आमच्या बचत गटातल्या बायांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, पण समजून घ्या असं म्हणणार नाही. ऐकताना तोंड वाकडं झालं तर खुशाल होऊ द्या.

मी पेरणी यंत्र चालवते. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात ट्रॅक्टरवर बसलेली पहिली बाई मीच. यंत्र गटाचं आहे. ते चालवायचं कुणी, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या आणि सुमनअक्कानं माझं नाव घेतलं. सुमनअक्का माझी शेजारीण, वयानं मोठी. गावाला सोयाबीनचं घरचं बियाणं द्यायची ती. मळणी यंत्रात दाण्याचं साल दुखावतं म्हणून बियाण्यापुरती रास काठीनं बडवून घ्यायची. पोती आपटू द्यायची नाही. पेरणीआधी ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवायची आणि मोड आले की घरोघरी दाखवत फिरायची — नातवाला पहिला दात आल्यासारखी. गावात तिच्या शब्दाला वजन होतं ते या बियाण्यामुळं.

लातूरला जाऊन मी शिकून आले. तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. यंत्राच्या पेटीत बी टाकलं, यंत्र थोडं पुढं नेलं, की थांबायचं. खाली उतरायचं. हातानं माती बाजूला करून दोन दाण्यांत किती जागा पडली ते बघायचं. दर शेतात, दर वेळी. एवढं सोपं आहे. मग त्या दिवशी मी का नाही उतरले?

कारण बांधावर माणसं उभी होती. शेत दत्ताभाऊजींचं — गावकीतले दीर, यंत्र बायकांच्या हाती आलं तेव्हापासून टोमणे मारणारे. सोबत आणखी काही जण तंबाखू मळत उभे. बाई ट्रॅक्टर चालवते हा त्यांच्या लेखी तमाशाच. मी उतरून माती उकरत बसले असते तर काय म्हणाले असते, सांगायला हवं का? बाप्या उतरून बघतो तेव्हा तो काळजीचा माणूस. बाईनं बघितलं की तिला येत नाही. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन. पण मला उतरू नको असं त्यांच्यातल्या एकानंही सांगितलं नव्हतं.

या शेतात सुमनअक्काकडचं सोयाबीन पेरायचं होतं; आदल्या दिवशी मी दुसरीकडं मका पेरला होता. मक्याचा दाणा वीतभर अंतरावर पडावा लागतो, सोयाबीनचा चार बोटांवर. दाणे उचलणाऱ्या चकत्या मी बदलल्या. त्यांना फिरवणारी चेन मात्र मक्याच्याच दातेरी चाकावर राहिली. तशीच मी ताठ बसून सगळा तुकडा पेरला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. भाऊजी आणि सोबतचे तोवर जेवायला गेले होते. पेट्यांची झाकणं उघडली तर अर्ध्याहून जास्त बियाणं तसंच पडलेलं. तेव्हा कळायला हवं होतं — नाही, खरंच सांगते, कळलं होतं. सुमनअक्कानं सढळ हातानं दिलं असेल, अशी मनाची समजूत घातली आणि उरलेलं बी पिशवीत भरून गुपचूप घरी आणलं.

आठवड्याभरात दत्ताभाऊजी दारात येऊन ओरडले, "वैनी, माझं रान टकलं करून ठिवलं की तुमी! बाईच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हनार."

मी जाऊन बघितलं. बियाणं खराब असलं की कुठं दाट उगवतं, कुठं मोकळं राहतं. इथं एकेक रोप वीतभर अंतरावर उभं, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखं. दोन रोपांमधली माती उकरली. दाणा नव्हताच. तिथं काही पडलंच नव्हतं, तर उगवणार काय?

आणि परत येऊन मी भाऊजींना म्हणाले, "यंत्रात काई खोट न्हाई. बियानंच बोगस हाय."

आमच्याकडे हे लोकांना लगेच पटतं. दरसाल कुठल्या ना कुठल्या बियाण्याच्या नावानं ओरड होतेच, त्यात आणखी एक. सुमनअक्काच्या कानावर गेलं तशी ती आली. भांडली नाही. "उकरून बघू की," म्हणाली. "बी नासलं असंल तर मातीत घावंल." नासलेलं बी कुजलेलं सापडतं, न पडलेलं सापडत नाही. माझं सगळं खोटं एका खुरप्यात उघडं पडणार होतं. दोन दिवसांनी सगळ्यांनी शेतात जायचं ठरलं.

आता ऐका. घरी लपवलेल्या बियाण्यातलं ओंजळभर मी चुलीवर उकडलं. दुसऱ्याच दिवशी, दिवस उगवायच्या आत शेतात गेले आणि बांधाकडच्या ओळींत, रोपांमधल्या मोकळ्या जागी, एकेक दाणा बोटानं दाबत गेले. चार-चार बोटांवर, शिकवलं होतं अगदी तसं. यंत्र माझ्या हातून जाऊ द्यायचं नव्हतं, बस्स.

पेरणीच्या दिवशी जी मी वाकले नाही, ती मी उकरायच्या दिवशी सगळ्यांच्या पुढं गुडघे टेकून बसले. मीच माती बाजूला केली. फुगलेले, बुळबुळीत दाणे निघाले. वास सुटला. सुमनअक्कानं एक दाणा तळहातावर घेतला, नाकाशी नेला, अंगठ्यानं चिरडून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर तिच्याकडून कुणी बियाणं नेलं नाही. गोणपाट घेऊन दारोदार फिरणं बंद झालं. वाटेत पोरंटोरं "बोगस सुमन" म्हणायची, ती मान खाली घालून जायची. दत्ताभाऊजींनी दुबार पेरणी माझ्याकडूनच करून घेतली, दुकानातलं बियाणं आणून. या वेळी चेन जागेवर होती. उगवण बघून ते म्हणाले, "बियानं बरं असलं की यंत्र बी बरं चालतंय." मी हसले. हो, हसले.

आता मी दर शेतात उतरते, उकरून बघते. कोण काय म्हणतं याची फिकीर करत नाही. लोक म्हणतात, बाई फार काटेकोर. दोन पोरी माझ्याजवळ ट्रॅक्टर शिकतायत. तेव्हा यंत्र गेलं असतं तर त्या शिकल्या असत्या का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ दिवस विचारला, कारण त्याचं उत्तर मला सोयीचं होतं. आता विचारत नाही.

सुमनअक्का स्वतःच्या रानापुरतं बी अजून राखते. तिचं रान पेरायला ती मलाच बोलावते. काम संपलं की यंत्राजवळ येते, पदर पसरते आणि पेट्यांत उरलेलं सगळं बी काढून घेते. कोपऱ्यात अडकलेला दाणासुद्धा बोट घालून काढते. "एक बी मागं ऱ्हाऊ नये बग," एवढंच म्हणते. मी झाकण धरून उभी असते.

तिचं बियाणं चांगलं होतं. ते मी उकडलं.