मालिनीचे सोमवारचे बाण

मालिनी शेवडे अमेरिकेत ट्रॉय गावी आली ती नवऱ्याच्या नोकरीमागून. दोन्ही मुली शाळेत जायला लागल्यावर तिने वॉल्टच्या धनुष्यबाणाच्या दुकानात काम धरलं. मागच्या बाकावर बसून बाण जोडायचे. ओळखीतल्या बायका हसल्या. "शाकाहारी बाई, आणि शिकाऱ्यांचे बाण?"

"बाण भरकटला की हरीण जखमी होऊन दोन दिवस तडफडतं," ती म्हणाली. "माझा भरकटत नाही."

मी तेव्हा मोटार कारखान्याच्या प्रेस शॉपमधून निवृत्त झालो होतो. दुकानामागे गवताच्या गठ्ठ्यावर नेम मारायला जायचो. बाण घ्यायला गेलो तेव्हा दांड्यासाठी जाड ॲल्युमिनियमच्या नळ्या मागितल्या. तिने मी दोरी किती इंच मागे ओढतो ते मोजलं, धनुष्याचा जोर विचारला.

"काका, पंचेचाळीस पौंडाला ही नळी फार ताठ. बाण बाजूला जाईल."

"मजबूत दिसते."

"दिसू दे." तिने पातळ दिली. बाण सरळ गेले.

तिचं काम मी पाहिलंय. नळी कापून आतली धार घासायची. टोक ज्यात बसतं तो तुकडा तापवायचा, नळी नाही, कारण ॲल्युमिनियम नरम पडतं. त्याला गोंद लावून फिरवत आत बसवायचा. मागे दोरीची खाच. मग नळी ॲसिटोनने पुसून प्लॅस्टिकची तीन पिसं एकेक करून जिगमध्ये, म्हणजे पीस सरळ धरणाऱ्या साच्यात, धरून चिकटवायची. शेवटी बाण नखांवर फिरवायचा. टोक थरथरलं तर उपटून पुन्हा.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात एका शिकाऱ्याने तीन बाण काउंटरवर टाकले. पिसं सुटली होती. वॉल्ट तिला म्हणाला, "एक ऑक्टोबरला हंगाम सुरू होतो. अजून एक तक्रार आली तर बाकावर मी बसेन, तू काउंटरवर."

 तिने त्या बाणांच्या खोक्यावरची, जोडणीची तारीख पाहिली. सोमवार. मागच्या महिन्यात परत आलेला एक बाणही सोमवारचाच होता. गोंद तोच, जिग तोच. मग सोमवारी वेगळं काय?

तिने स्वतःच्या बोटांचा वास घेतला. रविवारी संध्याकाळी ती मुलींच्या डोक्याला खोबरेल तेल घालायची, चांगलं जिरवून. नळी पुसलेली असायची, पण पिसाची चिकटायची बाजू ती बोटांत धरायची. नखांत तेल होतं.

त्या हंगामासाठी सोमवारी जोडलेले सात डझन बाण विकले गेले होते. ती एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला बसली.

"कशाला सांगतेस?" वॉल्ट म्हणाला. "बरेचसे टिकतील."

"कुठले टिकतील ते दाखव. तेवढे ठेवते."

मलाही फोन आला. "काका, तुमचे बाण परत आणा."

"माझे नीट आहेत."

"नीट दिसतात."

मी एका पिसाखाली नख घातलं. पीस सोलून निघालं. बाराही बाण घेऊन गेलो.

चौऱ्याऐंशी बाण. प्रत्येकाची तिन्ही पिसं काढायची, जुना गोंद खरवडायचा, पुन्हा पुसायचं, पुन्हा चिकटवायचं. जिग एकच, आणि एक पीस धरायला दहा मिनिटं. रोजचं काम संपवून ती हे करायची, पंधरा दिवस. कुणाचा हात लागू दिला नाही. मी विचारलं होतं.

शेवटचे बाण तीस सप्टेंबरला दुपारी झाले. वॉल्ट पक्कड घेऊन आला. त्यातला एक बाण उचलला, पीस पकडीत धरलं आणि ओढलं. जोर लावून ओढलं. पीस मधोमध फाटलं. बुडखा नळीला चिकटूनच राहिला.

"या पिसाचे पैसे आता तू भर," मालिनी म्हणाली.

वॉल्टने पक्कड खिळ्याला अडकवली. "काउंटरवर मीच बरा," म्हणाला आणि गेला.

तिने फाटलेलं पीस खरवडलं आणि नवं जिगमध्ये लावलं. मुलींच्या डोक्याला तेल त्यानंतर शुक्रवारी असायचं.