आया, आयास, आयामोस

नेरूळला शनिवार-रविवार स्पॅनिश शिकवते, त्याला आता बारा वर्षं झाली. किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. दाराशी चपला साचाव्यात तसे साचत गेले. निम्मे तरी एकाच धड्याचे आहेत. काही झालं असेल अशी आशा आहे, किंवा शंका आहे, हे सांगणारी रूपं: आया, आयास, आयामोस, आणि पुढे आब्लादो, म्हणजे बोललेलं, नाहीतर कोमिदो, म्हणजे जेवलेलं. क्रियापदं अगदी नियमित, तरी दरवेळी इथेच बॅच अर्धी होते.

एकदा 'आया, आयास' घोकून घेत होते. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई दारात आल्या. सुनेच्या बाळंतपणासाठी त्यांना आया हवी होती. समजावून सांगायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "सध्या एकही मोकळी नाही."

सोनल न्हावा शेवा बंदरात कस्टम एजंटकडे नोकरीला. 'कंटेनर पोचला असेल अशी आशा आहे' असं मेल तिला स्पेनच्या पार्टीला करायचं होतं. तिने लिहिलं, कंटेनर पोचला आहे. त्यांनी तिकडच्या बंदरावर ट्रक धाडला. कंटेनरची बोट चुकलेली, तो इकडेच यार्डात. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. रविवारी सुजल्या डोळ्यांनी आली. "मॅडम, मी फक्त अवघड भाग गाळला."

सारसोळ्याचे हरीकाका पासष्टीचे, जन्म खाडीत मासे धरण्यात गेलेला. लेकीने स्पेनमध्ये लग्न केलं; तिच्या सासूशी बोलता यावं म्हणून क्लासला आले. नियमित क्रियापद म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ज्याचं वागणं कधी बदलत नाही ते. काका म्हणाले, "मंग आमचे घरान तसा कोनी नाय."

गेल्या वर्षी काकांचे व्याही अचानक गेले. क्लास सुटल्यावर काका फोन घेऊन थांबले. विहीणबाईंशी एकट्याने बोलायचा धीर होत नव्हता. मी सांत्वनाचं वाक्य वहीत लिहून दिलं. व्हिडिओ कॉल लागला. समोर काळ्या कपड्यातल्या बाई. काका वहीकडे बघेचनात. धड्यातलं पाठ असलेलं एक वाक्य म्हणाले, "एस्पेरो के आयास कोमिदो." तू जेवली असशील अशी आशा आहे.

बाई मान हलवून म्हणाल्या, "नो."

"मंग पयले जेव," काका तोंडाशी घासाची खूण करत आपल्या बोलीत म्हणाले. "मी हाय हितंच."

बाई उठून आत गेल्या. प्लेट घेऊन परत आल्या आणि फोनसमोर बसून खायला लागल्या. काका फोन धरून बसून राहिले. पुढची बॅच बाहेर खोळंबली होती. मी दार लावून घेतलं.